बुचाचं झाड, नऊ वर्षं आणि आपली द्राक्षबाग

ज्यांना बसमध्ये हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. भाषा बोलतानाची बरीचशी तशीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे बाटलीचं बूच. आणि ते बूच ज्या बाटलीला लागतं, तिच्यातली द्राक्षं. आधीच सांगतो, हा भाग वाइन कुठली चांगली आणि कशी प्यावी याबद्दल नाही. हा शेतीचा इतिहास आहे. झाडाकडून किती घ्यायचं, किती वेळानं घ्यायचं आणि हे माणसाला कधी कळतं, हा त्यातला प्रश्न.

पुण्यातलं बूच आणि खरं बूच

पुण्यात राहत असाल तर बुचाचं झाड तुम्ही पाहिलेलं आहे. उंच, सरळसोट. पावसाळा संपला की सकाळी त्याच्याखाली लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. दोरा न वापरता त्या देठांचीच वेणी घालता येते. पण या झाडाचा आणि बुचाचा संबंध काय? तर याची साल जाड, भेगाळलेली आणि मऊसर असते. खरं बूच महाग पडायचं किंवा मिळायचं नाही, तेव्हा ही साल त्याच्या जागी वापरून बघितली गेली. माल दुय्यम निघाला, पण नाव चिकटलं ते कायमचं.

खरं बूच येतं ते एका वेगळ्याच झाडापासून. ते ओक जातीचं झाड आहे आणि भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या देशांत वाढतं. त्याला आपण बूच-ओक म्हणू. त्याची ओळख तुम्हाला शाळेत झालेली आहे, फक्त लक्षात नसेल. रॉबर्ट हूक आठवतोय? १६६५ साली त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली एक पातळ काप ठेवला, त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि त्यानं त्यांना 'सेल' म्हटलं. तो काप बुचाचाच होता. एका घन सेंटीमीटर बुचात असे सुमारे ४ कोटी कप्पे असतात आणि त्यांत मुख्यतः हवा भरलेली असते. म्हणून बूच दाबलं की दबतं आणि सोडलं की पुन्हा फुगतं. बाटलीच्या तोंडात ते घट्ट बसतं ते याच गुणामुळे. क्रिकेटच्या चेंडूच्या पोटात आणि शटलच्या बुडाशी कॉर्क असतो, तोही यामुळेच.

ग्रीक आणि रोमन लोकांना बूच माहीत होतं. मधल्या काळात युरोपात ते मागे पडलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मजबूत काचेच्या बाटल्या बनू लागल्या आणि बुचाचे दिवस फिरले. म्हणजे हूकच्या टेबलावर बुचाचा तुकडा पोचला, तो काळ आणि बाटलीला बूच लागायचा काळ साधारण एकच.

नऊ वर्षांची वाट

आता हे बूच काढतात कसं ते बघू. जगातलं जवळपास निम्मं बूच एकटा पोर्तुगाल देतो. हाच तो देश, ज्यानं आपल्या शेजारच्या गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं.

बूच-ओक लावला की पहिली साल काढायला सुमारे २५ वर्षं थांबावं लागतं. आणि पहिली साल बाटलीच्या कामाची नसतेच. ती खडबडीत असते, तिचा भुगा करून फरशा आणि तक्ते बनवतात. मग ९ वर्षं थांबायचं. दुसरी सालही बहुधा बाटलीला चालत नाही. पुन्हा ९ वर्षं. तिसऱ्या खेपेला, झाड चाळिशी ओलांडून गेल्यावर, बाटलीच्या लायकीची साल मिळते. म्हणजे ज्यानं झाड लावलं, त्याच्या हाती पहिलं चांगलं बूच पडेपर्यंत त्याच्या घरात नातवंडं आलेली असतात. पुढे मात्र झाड दीडशे-दोनशे वर्षंही जगतं आणि दर ९ वर्षांनी साल देत राहतं.

साल काढायचं काम मे ते ऑगस्ट या काळात चालतं आणि ते आजही मुख्यतः कुऱ्हाडीनंच होतं. सालीचे थर दोन. बाहेरचा बुचाचा, आणि त्याच्या आत झाडाचं अन्न वाहून नेणारा जिवंत थर. कुऱ्हाड बाहेरच्या थरातून गेली पाहिजे आणि आतल्याला लागता कामा नये. लागली तर झाड कायमचं दुखावतं. त्यामुळे हे काम करणारे कारागीर तिथल्या शेतमजुरीत सगळ्यात चांगला रोज घेणाऱ्यांपैकी आहेत. साल काढून झाली की उघड्या, तांबूस खोडावर पांढऱ्या रंगानं एक आकडा लिहितात. तो त्या वर्षाचा शेवटचा अंक. समजा ४ लिहिलंय. म्हणजे साल २०२४ मध्ये निघाली. २०३३ च्या आत त्या झाडाला हात लावायचा नाही. हिशोबाची वही झाडाच्या अंगावरच.

देवराई आणि बुचाचं रान

इथे जरा आपल्या मुळशीत येऊ. या तालुक्यात देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हा विषय शास्त्रज्ञांच्या जगात पोचला. देवराईचा नियम साधा असतो: देवाचं आहे, हात लावायचा नाही. कित्येक ठिकाणी वाळलेलं लाकूडही घरी नेत नाहीत. ही झाली मनाई.

पोर्तुगालमधलं बुचाचं रान वेगळ्या नियमावर टिकलं. तिथे झाडाखाली गुरं आणि डुकरं चरतात, मध्येच धान्य पेरतात, मध मिळतो, पक्षी राहतात, आणि नऊ वर्षांनी साल निघते. तिथे घ्यायला बंदी नाही, पण किती आणि कधी ते ठरलेलं आहे. ही झाली मर्यादा. शिवाय परवानगीशिवाय बूच-ओक तोडणं हा तिथे गुन्हा आहे, आणि २०११ मध्ये पोर्तुगालच्या संसदेनं त्याला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं.

रान जपायचे हे दोन्ही मार्ग खरे. पण शेतीला पहिला चालत नाही. शेतकऱ्याला घ्यावंच लागतं, दरवर्षी घ्यावं लागतं. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो मर्यादेचा. आणि आता आपण द्राक्षाकडे वळतोय ते याच प्रश्नासाठी.

न झोपणारी वेल

लवळ्याच्या आसपास द्राक्षबाग शोधू नका. मुळशी हा भाताचा, आंबेमोहोराचा तालुका. इतका पाऊस द्राक्षाला सोसत नाही. त्यासाठी सह्याद्रीच्या पूर्वेला कोरड्या पट्ट्यात जावं लागतं. जुन्नर, नाशिक, तासगाव, सोलापूर.

द्राक्ष दख्खनला नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात, याचं त्याला नवल वाटलं होतं. नवल वाटणारच. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात उठते. दख्खनमध्ये बर्फ नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी ही आपल्याकडच्या जुन्या द्राक्षांची नावं. पुढे १९६० च्या दशकात थॉमसन सीडलेस हे बिनबियांचं वाण आलं आणि सगळं चित्र पालटलं. त्यातूनच पुढे आपल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत वेगळी दिसलेली काडी हेरून नवी वाणं काढली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचं तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचं सोनाका. यासाठी प्रयोगशाळा लागली नव्हती, रोज बागेत फिरणारी नजर लागली होती.

झोप नसलेल्या वेलीकडून पीक घ्यायचं, तर तिला फसवावं लागतं. म्हणून आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यात घड ठरतो. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यानंतर तो घड बाहेर येतो. डोळे एकदम फुटावेत म्हणून रसायन लावायचं. मणी फुगावेत म्हणून घड जीएच्या द्रावणात बुडवायचे.

आणि एक काम असं, की त्यामुळेच मला बुचाची गोष्ट आपल्या इतकी जवळची वाटते. मणी लहान असताना वेलीच्या खोडावर दोन-तीन मिलिमीटर रुंदीची साल गोल फिरवून काढतात. याला गर्डलिंग म्हणतात. पोर्तुगालमध्ये कुऱ्हाड ज्या जिवंत थराला जपते, नेमका तोच थर इथे कापला जातो. पानांनी बनवलेली साखर मुळांकडे उतरायची वाट काही आठवडे बंद होते, ती वरच राहते आणि मणी मोठा होतो. नंतर जखम भरते. कसबी हातानं, सशक्त वेलीवर केलं तर बाग ते सोसते. पण तेवढे दिवस मुळं उपाशी राहतात, हे विसरून चालत नाही. अशक्त वेलीवर हेच केलं तर ती मागे पडते.

एक झाड, ज्याच्या सालीसाठी नऊ वर्षं थांबतात. एक वेल, जिला वर्षातून दोनदा कापतात आणि वर तिची साल काढतात. यात पोर्तुगीज शेतकरी साधू आणि आपला लोभी, असं अजिबात नाही. बूच-ओकाची साल लवकर काढली तर माल पातळ निघतो आणि विकला जात नाही, म्हणून तिथे धीर धरावाच लागतो. आपल्या बागायतदाराला बँकेचा हप्ता दरवर्षी असतो, आणि बाजार मोठ्या मण्यालाच भाव देतो. घाई आली ती तिथून.

टेक्सासची मुळं

घाईला पहिला लगाम घातला तो पाण्यानं. विहिरी आटल्या, बोअरचं पाणी क्षारपड निघू लागलं, आणि स्वतःच्या मुळावर उभ्या असलेल्या थॉमसनच्या बागा खंगायला लागल्या. यावर सापडलेला उपाय खूप लांबून आला होता.

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं द्राक्षवेलींची मुळं खाऊन देशभरच्या बागा संपवत आणल्या. कीड अमेरिकेतून आलेली, म्हणून उत्तरही तिथेच सापडलं. अमेरिकन रानवेलींची मुळं ती कीड सोसतात. मग मूळ अमेरिकेचं आणि वरची वेल युरोपची, असं कलम सुरू झालं. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांचा यात मोठा वाटा होता आणि फ्रान्सनं १८८८ मध्ये त्यांचा सन्मानही केला.

टेक्सासच्याच रानवेलींतून निवडलेला एक खुंट म्हणजे डॉगरिज. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात तो झपाट्यानं पसरला. आपल्याकडे प्रश्न त्या किडीचा नव्हता, दुष्काळाचा आणि खाऱ्या पाण्याचा होता, आणि डॉगरिजची खोल जाणारी मुळं दोन्ही सोसतात. शेतात आधी खुंट लावायचा, तो जोमदार झाला की त्यावर पाचर कलम करून हवं ते वाण चढवायचं. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं आणि अशा कामांना पक्की जागा मिळाली. सोबत ठिबक आलं. वेलीखाली उसाचं पाचट किंवा बगॅस पसरून ओल धरायची रीत आली. दोन ओळींत ताग किंवा धैंचा पेरून जमिनीत गाडणं आलं. आज आपण याला 'शाश्वत शेती' म्हणतो. ज्यांनी ते केलं त्यांच्यापुढे मात्र टँकरचं बिल होतं.

मोरचूद आणि सीसीसी

दुसरा लगाम औषधांचा. फ्रान्समध्ये फायलोक्सेरावर उपाय म्हणून अमेरिकन वेली आणल्या, आणि त्यांच्यासोबत डाऊनी हा बुरशीचा रोग आला. एकावर उपाय करताना दुसरं दुखणं घरात आलं. बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं लोक तोडून खात, म्हणून मालक त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्याच वेली डाऊनीतून वाचल्या, हे मिलार्डे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. आपला बागायतदार आजही ज्याला नुसतं 'बोर्डो' म्हणतो, ते हेच.

सेंद्रिय द्राक्षशेतीतही हे औषध चालतं. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं जमिनीत साठत जातं, विरून जात नाही. म्हणून युरोपीय संघानं २०१९ पासून मर्यादा घातली: ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, त्यापुढे नाही. पावसाळी वर्षी जास्त मारलं तर पुढे कमी मारायचं. बघा, खोडावर आकडा लिहिण्यासारखाच हाही हिशोब. लेबलवर 'सेंद्रिय' लिहिलं म्हणून तो सुटत नाही.

आपल्याकडे मर्यादा आली ती धक्क्यानं. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट आलं. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, प्रत्येक पेटीचा माग थेट शेतापर्यंत. सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. मग २०१० साल उजाडलं. वेलीची शाकीय वाढ रोखून घड निर्मिती वाढवण्यासाठी वापरलं जाणारं सीसीसी हे रसायन युरोपातल्या तपासणीत सापडलं. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. माल बंदरांत अडकला, दर कोसळले, आणि ज्यांनी सगळे कागद नियमानं भरले होते असे शेतकरीही त्यात भरडले गेले.

त्यानंतर बागा बदलल्या. पिठ्या ढेकणासाठी दर वेळी फवारा मारण्याऐवजी खोडाची सुटलेली, मेलेली साल खरवडून त्याची लपायची जागा काढून घेणं आणि क्रिप्टोलेमस नावाचे भुंगे सोडणं, हे कित्येक बागायतदारांच्या सवयीचं झालं. गंमत म्हणजे, इथे वेलीची साल काढणं पहिल्यांदा तिच्या फायद्याचं ठरलं.

नारायणगाव, नाशिक आणि भाव

आता वाइन. महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षं खायची किंवा बेदाण्याची. वाइनला जातो तो अगदी थोडा वाटा. पण इतिहासात तो महत्त्वाचा. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राच्या मदतीनं फेसाळती वाइन बनवली आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती युरोपात विकली. अशा बाटलीतला दाब गाडीच्या टायरच्या जवळपास तिप्पट असतो. तो अडवायला बूच लावतात, आणि ते उडू नये म्हणून वर तारेची जाळी. पुढे राजीव सामंत अमेरिकेतून परतले आणि नाशिकला गंगापूर धरणाजवळ त्यांनी सुला उभी केली. तिची पहिली वाइन २००० मध्ये आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले.

शेतकऱ्यांनी हौसेनं वाइनची वाणं लावली. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. जीए नको, गर्डलिंग नको, मणी लहान राहिला तरच चव उतरते. म्हणजे वेलीला घाई न करणारी शेती. पण २००८ नंतर मंदी आली, मागणी घसरली, कित्येक वाइनरींना ठरलेला माल उचलणं आणि पैसे देणं जमेना. ही द्राक्षं फळ म्हणून बाजारात कोण घेणार? नाशिक भागात अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. वेलीला सगळ्यात कमी त्रास देणारी शेती आधी गेली, कारण तिच्यामागे भाव उभा राहिला नाही.

बुचाच्या रानावरही नेमकी हीच वेळ आली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही बुचांत टीसीए नावाचा पदार्थ असतो आणि त्यानं वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. कारखाने बरीच वर्षं ही तक्रार मनावर घेईनात. शेवटी २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वाइनरी फिरकीच्या धातूच्या झाकणाकडे वळल्या. डब्ल्यूडब्ल्यूएफनं २००६ मध्ये इशारा दिला: बूच विकलं गेलं नाही तर रानाला मालक राहणार नाही, रान तुटेल किंवा जळेल. कारखानेही जागे झाले. क्लोरीननं धुणं थांबलं, वाफेनं सफाई आली, महागड्या बाटल्यांसाठी एकेक बूच तपासलं जाऊ लागलं. बाजार बराचसा सावरला, आणि रान उभं राहिलं.

मग बूच की झाकण?

आपल्याकडे बहुतेक वाइनच्या बाटल्यांना फिरकीचं झाकण दिसेल. त्यालाही कारण आहे. बूच ओलं राहायला बाटली आडवी आणि थंड जागी हवी. विदर्भातल्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर उभी ठेवलेली बाटली म्हणजे बूच सुकलं, आक्रसलं आणि आत हवा गेली. वाइन वाया गेली तर तिच्यासाठी लागलेलं पाणीही वाया. त्यामुळे बूच म्हणजे निसर्ग आणि झाकण म्हणजे पाप, इतकं सोपं गणित मांडू नका. आपल्या उन्हात झाकणच शहाणपणाचं असू शकतं.

या सगळ्यातून मला दिसतं ते एवढंच. खोडावरचा नऊ वर्षांचा आकडा टिकला, कारण वाट बघणाऱ्याला शेवटी पैसे मिळाले. आपल्या बागेत मर्यादा शिकवली ती आटलेल्या विहिरीनं आणि परत आलेल्या कंटेनरनं, आणि प्रत्येक वेळी किंमत शेतकऱ्यानंच मोजली. पुढची मर्यादा धक्क्याशिवाय शिकायची असेल, तर ती किंमत वाटून घ्यावी लागेल. त्यात आपणही आलो, कारण मंडईत सगळ्यात मोठा आणि चकचकीत मणी आपणच उचलतो.

या हंगामात द्राक्षं घेताना जरा लहान मण्याचा घड उचलून बघा. गोडी मण्याच्या आकारावर नसते, हे एक घड खाल्लात की कळेल. आणि तुमच्या घरी बाग असेल, तर २०१० चं साल तुमच्याकडे कसं गेलं ते आम्हाला आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. जमलं तर पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.